पुण्यात घर भाड्याने देताय की घेताय? करारापासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

जून उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाच्या भाचीला हिंजवडीत नोकरी लागलेली असते, कुणाचा मुलगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणार असतो, कुणा काकूंचा कोथरूडचा फ्लॅट रिकामा झालेला असतो. प्रश्न तेच असतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली तर चालेल का? अकरा महिन्यांचाच करार का? डिपॉझिट परत दिलं नाही तर काय करायचं?

मी काही वर्षं भाडेकरू होतो आणि आता एक फ्लॅट भाड्याने देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. नोंदणी केलेला करार हातात असेल तर पुण्यातली निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत, एवढं मात्र नक्की सांगू शकतो. उरलेली निम्मी डिपॉझिटवरून होतात. ती कशी टाळायची तेही खाली लिहिलं आहे.

१. आधी कागद कोणता ते समजून घ्या

आपल्याकडे लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. सोशल मीडियावर अधूनमधून फिरणारे 'नवे भाडे नियम, आता फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट' हे मेसेज केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यावरून बनवलेले असतात. तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, तेव्हा तो मेसेज दाखवून घरमालकाशी वाद घालू नका.

घर द्यायचे दोन मार्ग आहेत. पहिला भाडेपट्टा, म्हणजे खरी भाडेकरूगिरी. त्यात घरात राहण्याचा हक्कच तयार होतो आणि भाडं नियमित भरणाऱ्या माणसाला कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय बाहेर काढता येत नाही. दुसरा लिव्ह अँड लायसन्स. यात घरमालक ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देतो आणि मुदत संपली की परवानगी संपते. आज पुण्यात नवीन घर बघाल तर जवळजवळ प्रत्येक वेळी हाच करार होतो. बोलताना सगळे 'भाडं' आणि 'भाडेकरू' म्हणतात, मीही तसंच म्हणणार आहे. पण कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' असंच असलं पाहिजे.

आता अकरा महिन्यांची गोष्ट. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायला म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो तीन महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच कलमातली दुसरी गोष्ट: नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं. 'नोटरी करून टाकू, कशाला खर्च' म्हणणाऱ्या मालकांना मी एवढंच वाचून दाखवतो.

लिव्ह अँड लायसन्स एका वेळी जास्तीत जास्त ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दोन किंवा तीन वर्षांचा केलात तर दरवर्षीची धावपळ वाचते. भाडंवाढ त्यातच लिहून टाकायची.

२. घर बघताना हे विचारा

मालक तोच आहे का, हे आधी बघा. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, इथे घरखरेदीच्या दस्ताचा), मिळकतकराची पावती आणि महावितरणचं ताजं बिल मागा. तिन्हीवर नाव जुळलं तर बरं. वीजबिलावर बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव असतं कधीकधी, त्याने लगेच घाबरू नका, पण इंडेक्स टू बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. मालक अमेरिकेत आणि व्यवहार बघतोय चुलतभाऊ, असं असेल तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं. 'दादाने फोनवर सांगितलंय' यावर नोंदणी होत नाही.

पाण्याचं नक्की विचारा. उपनगरांतल्या अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की वेगळी वर्गणी काढतात, आणि ती कोण भरणार? हे मार्चमध्ये विचाराल तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, पावसाळ्यात सगळ्याच सोसायट्यांना भरपूर पाणी असतं.

एजंट असेल तर ब्रोकरेज किती आणि करार-नोंदणीचा खर्च त्यात आहे की वेगळा, हे घर आवडण्याच्या आधी ठरवा. आवडल्यावर ठरवायला गेलात की आकडा बदलतो.

३. करारात काय लिहून घ्यायचं

लोक भाड्याचा आकडा बघतात आणि खाली सही करतात. करार एजंटच्या कॉम्प्युटरमधला तयार मजकूर असतो, नावं तेवढी बदललेली. त्यात आपल्याला हवं ते घालता येतं, आणि घालायला सांगायला लाजू नये.

डिपॉझिट किती घ्यायचं यावर आपल्या कायद्यात मर्यादा नाही. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं ही सर्वसाधारण रीत, पण ती फक्त रीतच. ते कधी परत द्यायचं, त्यातून काय कापायचं, हेही करारात जे लिहिलं असेल तेच. म्हणून हे मुद्दे शब्दांत हवेत:

डिपॉझिट कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने दिलं (बँक ट्रान्सफर किंवा चेक, रोख नको). चावी परत देण्याच्या दिवशीच ते परत मिळेल. कपात होणार असेल तर बिलं दाखवून. आणि रंगकामाचं काय, हे सगळ्यात आधी.

रंगकामावर थोडं जास्त लिहितो, कारण पुण्यातली सर्वात जास्त कटकट इथे होते. घर सोडताना 'पेंटिंग चार्जेस' म्हणून एक महिन्याचं भाडं सरळ कापून घ्यायची सवय अनेक मालकांना आहे. दोन वर्षं राहिल्यावर भिंती थोड्या मळणारच. त्याचा खर्च मालकाचा की भाडेकरूचा, याचं उत्तर करारातच असायला हवं. कापायचं ठरलं असेल तर ठरावीक रक्कम लिहा: 'सहा हजार' लिहिलेलं 'रास्त खर्च' लिहिलेल्यापेक्षा कितीतरी बरं. भिंतीत खिळे, टीव्हीचा स्टँड, एसीसाठी पाडलेलं भोक यांचाही उल्लेख करून ठेवा.

लॉक-इन म्हणजे ज्या काळात कोणीही करार मोडायचा नाही तो काळ. बऱ्याच करारांत तो फक्त भाडेकरूला लागू असतो, मालक मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतो. मजकूर नीट वाचा आणि दोघांना सारखा करून घ्या. नोकरीत बदलीची शक्यता असेल तर लॉक-इन सहा महिन्यांहून जास्त ठेवू नका.

मेंटेनन्स कोण भरणार, वीजबिल आणि एमएनजीएलच्या गॅसचं बिल कोणाच्या नावावर, गीझर किंवा नळ बिघडला तर किती रुपयांपर्यंत भाडेकरूने आणि त्यापुढे मालकाने, हेही त्यातच.

शेवटी सामानाची यादी: पंखे किती, ट्यूब किती, गीझर, पडद्याचे रॉड, किचनची चिमणी, चाव्यांचे जोड. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा आणि वीजमीटरच्या आकड्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. ओलीचा डाग, तडकलेली फरशी, बाथरूमचं सैल झालेलं हँडल, सगळं त्यात येऊ द्या. मालकांनो, तुम्हीही काढा.

४. पैशांचं गणित

मुद्रांक शुल्क: करारातलं एकूण भाडं, परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्याच्या बेरजेवर ०.२५ टक्के.

उदाहरण घेऊ. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत ११ महिने. भाड्याचे २,२०,००० आणि डिपॉझिटवरचं मानीव व्याज ५,५००, मिळून २,२५,५००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ५६४ रुपयांच्या आसपास. नोंदणी विभागाचं पोर्टल रक्कम वर गोल करून दाखवेल, तीच भरायची. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण हद्दीत ५००. वर दस्त हाताळणीचं थोडं शुल्क लागतं.

म्हणजे सरकारचा खर्च दोन हजारांच्या आत बसतो. तरीही कुणी चार-पाच हजार मागत असेल तर वरचे पैसे सेवेचे आहेत. द्यायला हरकत नाही, पण काय सेवा ते विचारून द्या. शासकीय भरणा ऑनलाइन होतो आणि त्याची पावती निघते. ती मागून घ्या. खर्च कोणी करायचा हे कायद्यात नाही. बहुतेक ठिकाणी अर्धा-अर्धा करतात.

५. नोंदणी: घरी बसून, पण सगळे हजर हवेत

नोंदणी महानिरीक्षकांचं मुख्यालय पुण्यातच आहे आणि त्यांच्या पोर्टलवर लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी होते. स्वतः माहिती भरता येते, पण अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम लागतो, म्हणून बहुतेक जण अधिकृत सेवा पुरवठादाराला घरी बोलावतात. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊनही करता येतं.

तयार ठेवा:

दोघांचं आधार आणि पॅन. आधारला जोडलेला मोबाईल जवळ असू द्या, जुना नंबर बंद झाला असेल तर आधी बदलून घ्या. मालकाकडून इंडेक्स टू किंवा मिळकतकराची पावती आणि वीजबिल. दोन साक्षीदार, त्यांचंही आधार. भाडेकरूचा कायमचा पत्ता. एकाहून जास्त जण राहणार असतील तर सगळ्यांची नावं करारात हवीत, नुसती एकाची नकोत. घर पती-पत्नीच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या आणि अंगठे.

अंगठ्याचा प्रकार मात्र वेळ खातो. माझ्या शेजारच्या काकूंचा अंगठा काही केल्या उमटेना. मुलगा दर वेळी यंत्राच्या काचेवर रुमाल फिरवायचा, काकू पदराला अंगठा पुसून पुन्हा दाबायच्या आणि स्क्रीनवर लाल फुली. वर्षानुवर्षं भांडी घासून रेषाच गेल्यात, असं त्या म्हणाल्या. शेवटी दुसरं बोट घेतलं, हात कोमट पाण्याने धुतले, मग जमलं. घरात वयस्क मालक असतील तर आधीच आधार केंद्रावर बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या, त्या दिवशीचा एक तास वाचतो.

सही-अंगठा झाला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. दस्त कार्यालयाकडे जातो, तिथे तपासला जातो, मग दस्त क्रमांक पडतो. कधी पत्त्यात चूक असली की परत येतो. दस्त क्रमांक असलेली प्रत आणि इंडेक्स टू हातात येईपर्यंत सेवा पुरवठादाराचे उरलेले पैसे देऊ नका. एजंटने पाठवलेली पीडीएफ खरी आहे का, हे दस्त क्रमांक टाकून नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, प्रत्येक भाडेकरूने करावं. बँकेत किंवा पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद पुढे करायचा असतो.

आणखी एक: सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर व्हायला हवा. 'दिवाळीनंतर करू' म्हणता म्हणता मुदत निघून जाते.

६. पोलिसांना भाडेकरूची माहिती

ही मालकाची जबाबदारी. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश असतो आणि तो मोडल्याबद्दल गुन्हा दाखल होऊ शकतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो: मालकाची आणि भाडेकरूची माहिती, फोटो, ओळखपत्र, कराराची तारीख, ओळखीच्या दोन माणसांचे नंबर.

नवख्यांची इथे एक गफलत हमखास होते. पत्त्यात 'पुणे' असलं तरी पोलीस आयुक्तालयं दोन आहेत. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं वेगळं आहे. कोथरूड, औंध, बाणेर, खराडी, विमाननगर पुणे शहराकडे, वाकड, हिंजवडी, सांगवी, निगडी पिंपरी-चिंचवडकडे. अर्ज चुकीच्या ठिकाणी भरलात तर पुन्हा भरावा लागतो.

'नोंदणी केली की पोलिसांना आपोआप जातं' असं एजंट सांगतात. पावती मागा. पावती नसेल तर गेलं नाही असं धरा.

७. सोसायटी

आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं मात्र लागतं: कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत, शक्यतो भाडेकरू राहायला येण्याआधी आठवडाभर. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. 'भाडेकरू आहे म्हणून मेंटेनन्स दुप्पट' हे त्यात बसत नाही. हे शुल्क मालकाने भरायचं.

बॅचलरना घर न देण्याचे ठराव काही सोसायट्या करतात. उपविधींत तसं कुठेही नाही. पण खरं सांगायचं तर सेक्रेटरीशी कायद्यावरून भांडत राहण्यापेक्षा नव्या मुलामुलींनी मालकाला पुढे करावं. सदस्य तो आहे, लेखी पत्र त्याने द्यायचं.

८. कर, थोडक्यात

पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या घरमालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, त्यासाठी पीटी-३ अर्ज असतो. घर भाड्याने दिलं की या सवलतीचा हक्क राहत नाही. काही मालक नोंदणीला टाळाटाळ करतात त्यामागे हे एक कारण असतं. भाड्याचा आकडा ठरवताना ही रक्कम धरा आणि मोकळे व्हा.

महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावे आधीच कापायचा आयकर, कापून भरायचा असतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं कितीही असलं तरी टीडीएस कापावा लागतो आणि त्याचा दर बराच जास्त असतो. तिथे सीएला विचारल्याशिवाय पहिलं भाडंसुद्धा पाठवू नका. घरभाडे भत्त्याची वजावट घेणाऱ्यांना वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. मालकांना मिळालेल्या भाड्यातून, भरलेला मिळकतकर वजा जाता, ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

९. मुदत संपली आणि पटेनासं झालं तर

मालकासाठी: राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्स संपूनही समोरचा हलत नसेल, तर १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पुणे विभागाचा प्राधिकारी पुण्यातच बसतो. लेखी करारात लिहिलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा मानली जाते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन परवानगी घेतल्याशिवाय भाडेकरूला प्रकरण लढवता येत नाही. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. एवढं असताना कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, असले उद्योग करून स्वतःवरच तक्रार ओढवून घेण्याचं कारण नाही. कलम २४ दुकान-ऑफिसला लागू नाही, त्यासाठी वकील गाठा.

भाडेकरूसाठी: डिपॉझिट अडकलं तर आधी व्हिडिओ, बँकेची नोंद आणि करार जोडून लेखी मागणी करा, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. दाव्याला वेळ लागतो. म्हणून शेवटच्या एक-दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्यावं, असं मालकाशी आधीच बोला, आणि होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. न सांगता भाडं थांबवलंत तर थकबाकीदार तुम्ही ठरता.

पेठांतल्या वाड्यांचे जुने भाडेकरू आणि पगडीची (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेली) घरं हा वेगळा विषय. तिथे वर्षाला ४ टक्के भाडंवाढ चालते, थकबाकीसाठी दावा लावण्याआधी ९० दिवसांची लेखी नोटीस लागते, पाणी-वीज तोडायला कलम २९ ची मनाई आहे आणि वाद लघुवाद न्यायालयात जातो. असं घर कुणी 'स्वस्तात मिळतंय' म्हणून देऊ केलं तर या लेखावर विसंबू नका.

घर सोडायच्या दिवशी मीटरचा आकडा, गॅसचा आकडा आणि सगळ्या चाव्या समोरासमोर द्या, डिपॉझिट खात्यात आलेलं बघा आणि ताबा दिल्याचं दोन ओळींचं पत्र दोघांच्या सह्यांनी करा. त्याच भाडेकरूला पुढे ठेवायचं असेल तर मुदत संपायच्या आधी नवा करार, नवी नोंदणी आणि पोलिसांकडे नवी माहिती. जुन्या करारावर पेनने तारीख वाढवून चालत नाही.